घरी जास्त नेट वापरणारे टेलिफोन नेटवर्कवर अन्याय करतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाईकांकडून, जुन्या गिऱ्हाइकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी काही वर्षं एका लोकल आयएसपीत, म्हणजे घरोघरी नेट देणाऱ्या कंपनीत, नेटवर्कचे ग्राफ बघायचं काम केलंय, त्यामुळे कंपन्यांची बाजू पण माहितीये आणि ती सगळीच खोटी नाही. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. एका वाक्यात सांगा ना, जास्त नेट वापरलं की टेलिफोन कंपनीवर भार पडतो का?

महिन्याला किती जीबी झाले याने जवळपास काही फरक पडत नाही, गर्दीच्या वेळी तुम्ही किती ओढता याने पडतो, आणि तोही घरात फायबर आहे की सिमचा राउटर यावर ठरतं. "अन्याय" मात्र मला पटत नाही. प्लॅन त्यांनी बनवला, किंमत त्यांनी ठरवली, आपण पैसे भरून तो घेतला, मग त्यात लिहिलेलं वापरलं तर अन्याय कसला?

२. जीबीने फरक पडत नाही म्हणजे काय? बिलावर तर जीबीच लिहिलेले असतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंपनीचा खर्च होतो तो एका सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो यावर, म्हणजे एमबीपीएसवर. फायबर टाकली, दोन्ही टोकांना मशीन बसवलं, वरच्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेतली की तो पैसा गेला, मग त्यातून डेटा जावो न जावो. रात्रभर रिकामी पडलेली बँडविड्थ साठवून संध्याकाळी वापरता येत नाही.

कुठल्याही आयएसपीचा ग्राफ बघा, संध्याकाळी सातनंतर चढायला लागतो, जेवणं आटपली की साडेनऊ ते अकरा एकदम वर, बारानंतर उतरतो आणि पहाटे चार-पाचला तळाला. सगळी खरेदी होते ती त्या साडेनऊ ते अकराच्या टोकासाठी. लोकलचा पास काढणारे दोघं घ्या ना, एक रोज सकाळी गर्दीच्या फास्टला लटकतो, दुसरा दुपारी दोनला रिकाम्या डब्यात पाय पसरून बसतो आणि दिवसात चार फेऱ्या मारतो. किलोमीटर दुसऱ्याचे जास्त, पण रेल्वेला जादा गाडी सोडावी लागते ती पहिल्यामुळे.

आता एक हिशोब. सतत १ एमबीपीएस, चोवीस तास, तीस दिवस चालू ठेवलं तर महिन्याला ३२४ जीबी होतात. म्हणजे "हजार जीबी वापरले" ऐकायला राक्षसी वाटतं पण सरासरी काढली तर जेमतेम ३ एमबीपीएस आहे. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर ३ एमबीपीएस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोन-तीनदा लागेल.

३. मग मी रात्री दोनला शंभर जीबीचा गेम डाउनलोड केला तर?

खुशाल करा, कोणाचं काही जात नाही. आणि हे मी म्हणतोय असं नाही, जुनं डेटावन आठवतंय का? बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये आलं तेव्हा प्लॅनला कडक लिमिट असायचं, पण नाइट अनलिमिटेड वाल्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ पाहिजे तेवढं फुकट. कित्येक पोरांनी अलार्म लावून, डाउनलोड मॅनेजरला शेड्यूल लावून, मॉनिटर बंद आणि सीपीयू चालू ठेवून तेव्हा जी काय धमाल केली ती केली. सरकारी कंपनी दयाळू होती म्हणून नाही, रात्रीची बँडविड्थ पडूनच होती म्हणून.

४. वडील म्हणतात पूर्वी नेट लावलं की फोन लागायचा नाही आणि एक्सचेंजवर लोड यायचा. ते खरं होतं का?

एकदम खरं होतं. "नेटवाले टेलिफोनवर भार" ही सगळी ओरड तिथूनच आली आहे.

जुन्या टेलिफोनमध्ये एक कॉल लागला की त्या दोघांमध्ये एक अख्खा मार्ग राखून ठेवला जायचा, बोला नाहीतर गप्प बसा, मार्ग अडलेलाच. एक्सचेंजला जितके फोन जोडलेले असत त्यापेक्षा मार्ग कितीतरी कमी ठेवायचे, कारण सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. किती ठेवले म्हणजे पुरतील याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या माणसाने बसवलं, त्याचा पहिला पेपर १९०९ चा, आणि टेलिकॉममध्ये आजही लोड "एर्लांग" मध्येच मोजतात. पण या गणितात एक गोष्ट धरलेली होती की माणूस सरासरी तीन-चार मिनिटं बोलतो आणि ठेवतो.

मोडेमवाला, म्हणजे टेलिफोनच्या लाईनवरून नेट लावणारा, ठेवतच नाही! तो वीस मिनिटं, तास, कधी रात्रभर बसून राहतो. अमेरिकेत तर लोकल कॉल बहुतेक ठिकाणी महिन्याच्या ठराविक पैशात कितीही करता यायचे, त्यात डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनने १९.९५ डॉलरमध्ये महिनाभर अनलिमिटेड केलं आणि लोकांनी फोन ठेवणंच बंद केलं, इतके एंगेज टोन यायला लागले की प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या बेल कंपन्या, म्हणजे लोकल टेलिफोन कंपन्या, रेग्युलेटरकडे, म्हणजे एफसीसीकडे, गेल्या की बघा आमची एक्सचेंजं तुंबतायत, या इंटरनेटवाल्या कंपन्यांकडून मिनिटाप्रमाणे पैसे घेऊ द्या. हे पैसे न भरण्याची सूट इंटरनेटवाल्यांना १९८३ पासून होती, १९८७ मध्ये ती काढायचा विचार झाला तेव्हा लोकांनी "मोडेम टॅक्स" म्हणून एवढा गोंधळ घातला की तो बारगळला. १९९७ मध्येही एफसीसीने सूट चालूच ठेवली. आणि गंमत म्हणजे ज्या लोकांविषयी तक्रार होती तेच लोक मोडेमसाठी घरात दुसरी लाईन घेत होते, तिचं भाडं जात होतं याच बेल कंपन्यांच्या खिशात.

आपल्याकडे मात्र हा वाद नीट उभाच राहिला नाही. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट चालू केलं तेव्हा लोकल कॉलला मीटर होतं. जितका वेळ लाईन चालू तितकी युनिटं पडायची, म्हणजे नेटच्या पॅकचे पैसे वेगळे आणि टेलिफोनचं बिल वेगळं. ज्याने लाईन अडवली त्याने तिचे पैसे पण भरले, मग अन्याय कोणावर? झालाच असेल तर बिल बघून डोक्याला हात लावणाऱ्या बापावर.

५. आता पण लँडलाईन आणि नेट एकाच वायरवर येतं. मग तोच प्रॉब्लेम आता का नाही?

वायर एक आहे, एक्सचेंजमधला रस्ता एक नाही. डीएसएलमध्ये आवाज तांब्याच्या तारेवर खालच्या ४ किलोहर्ट्झमध्ये जातो आणि डेटा त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर, ते पांढरं छोटं डबडं असायचं ना ज्याला एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला मोडेम, ते स्प्लिटर हेच वेगळं करायचं काम करतं. एक्सचेंजला पोचल्यावर डेटा वेगळ्या मशीनमध्ये जातो, फोनच्या स्विचला तो दिसत पण नाही. फायबर आल्यावर उलटंच झालं, आता लँडलाईनचा कॉलच डेटा बनून जातो. एका कॉलला साधारण ८०-९० केबीपीएस लागतात, वर त्याला आधी जाऊ देतात. त्यामुळे तुम्ही घरी पिक्चर बघताय म्हणून आजोबांचा फोन तुटतोय असं फायबरवर होत नाही. होत असेल तर राउटर बघा किंवा कनेक्टर साफ करून घ्या.

एक अपवाद आहे. जुन्या तांब्याच्या केबलमध्ये शेकडो जोड्या एकत्र बांधलेल्या असतात आणि शेजारच्या जोडीवर डीएसएल चालू असेल तर तिचा नॉइज तुमच्या जोडीत येतो. पण तो कनेक्शन चालू असल्यामुळे येतो, शेजाऱ्याने किती जीबी वापरले त्यामुळे नाही.

६. आमच्या विंगमध्ये एक मुलगा दिवसरात्र गेमिंग आणि स्ट्रीमिंग करतो. त्याच्यामुळे आमचं नेट स्लो होतं का?

हा प्रश्न सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगनंतर दुसऱ्या नंबरवर असतो. उत्तर बहुतेक वेळा "नाही".

घरी येणारी साधी फायबर म्हणजे जीपॉन, तिच्यात एका पोर्टवर खाली यायला जवळपास २.५ जीबीपीएस असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत स्प्लिटरने वाटलेले. ३२ घरं धरा. सगळ्या बत्तीसच्या बत्तीस घरांत एकाच वेळी एचडी लावलं, प्रत्येकी ५ एमबीपीएस, तर १६० झाले. सगळ्यांनी फोरके लावलं, प्रत्येकी २५, तरी ८००, म्हणजे एक तृतीयांश पण नाही. ऑनलाइन गेम खेळताना तर फारच कमी डेटा लागतो, जास्त लागतो तो गेम डाउनलोड करताना.

मग संध्याकाळी स्लो का होतं? कारण पुढे, केबलवाल्याने किंवा कंपनीने वरून बँडविड्थ कमी घेतलेली असते. समजा हजार गिऱ्हाईकं आणि वरून २ जीबीपीएस, तर गर्दीच्या वेळी माणशी २ एमबीपीएस, आणि विकलंय प्रत्येकाला १०० म्हणून. एवढं वाटून देणं बेकायदा पण नाही, ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडला एकास पन्नासपर्यंतचं प्रमाण चालेल असं सांगितलेलं, आणि ज्या काळात लोक मेल बघून लॉगआउट व्हायचे त्या काळात ते ठीकच होतं. आता घरोघरी संध्याकाळी टीव्हीच नेटवर चालतो. तेव्हा त्या मुलाला शिव्या देण्याआधी ऑपरेटरला विचारा की वरून किती घेतलंय. तो सांगणार नाही, पण विचारा.

७. "अनलिमिटेड" लिहिलंय आणि बारीक अक्षरात ३३०० जीबी. ही फसवणूक नाही का?

शब्द म्हणून बघाल तर आहेच, लिमिट असलेल्या गोष्टीला अनलिमिटेड म्हणू नये. पण आकडा म्हणून बघा, प्रश्न २ मधलं गणित लावा, ३३०० जीबी म्हणजे महिनाभर सतत साधारण १० एमबीपीएस. घरगुती वापरात तिथे पोचायला भारी मेहनत लागते. उलट असंही आहे की १०० एमबीपीएसची लाईन पूर्ण जोरात चालवली तर ३३०० जीबी तीन दिवसांत संपतात, म्हणजे कंपनीने मनात धरलंय की तुम्ही विकत घेतलेल्याचा दहावा हिस्साच वापराल.

या लिमिटला एफयूपी (फेअर यूसेज पॉलिसी) म्हणतात, लिमिटनंतर नेट बंद नाही होत, स्पीड पडतो. ट्रायने २०१६ मध्ये सांगितलं की फिक्स्ड ब्रॉडबँडवर तो ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही, आणि ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की गिऱ्हाइकाला कळवायचं. ब्रॉडबँडची व्याख्या मात्र सरकारने २०२३ मध्ये वर नेली, आता २ एमबीपीएसच्या खालच्या कनेक्शनला ब्रॉडबँड म्हणत नाहीत.

माझा आक्षेप लिमिटला नाहीये, ते मोजायच्या पद्धतीला आहे. पहाटे चारचा जीबी आणि रात्री दहाचा जीबी एकाच मापाने मोजायचे आणि वर म्हणायचं की हे गर्दी टाळण्यासाठी आहे, हे काही बरोबर नाही.

८. मी फक्त व्हॉट्सअॅप आणि बातम्या बघते. दुसऱ्यांच्या नेटफ्लिक्सचे पैसे मी भरतेय असं नाही का?

थोडंफार भरताय, पण वाटतं तेवढं नाही. घरापर्यंतची वायर, राउटर, पोलचं आणि गच्चीचं भाडं, बिलिंग, वायरमनचा पगार, सरकारची लायसन्स फी, हे सगळं तुमच्यासाठी आणि नेटफ्लिक्सवाल्यासाठी सारखंच. डेटाचा स्वतःचा हिस्सा त्या मानाने लहान. उलट खूप नेट वापरणारा स्वतःच राउटर रीस्टार्ट करतो, सेटिंग बघतो आणि मग फोन करतो. कमी वापरणाऱ्यांच्या घरी पेस्ट कंट्रोलवाल्याने प्लग काढला म्हणून लाल लाइट लागतो आणि वायरमन जिना चढून जातो. तो एक फेरा महिनाभराच्या डेटापेक्षा महाग पडतो. राग मानू नका, ऑफिसात बसून हेच बघितलंय.

आणि तुमची सिरियल पण आता नेटवरच असेल ना, तीही साडेनऊला? मग त्या गर्दीच्या टोकात तुम्हीही आहात.

९. एक जीबी कंपनीला कितीला पडतो?

एक आकडा सांगता येत नाही कारण कुठला जीबी यावर आहे. तुम्ही यूट्यूबवर जे बघता ते बहुतेक वेळा परदेशातून येतच नाही. गूगल आणि नेटफ्लिक्स स्वतःच्या खर्चाने डेटा भरलेली मशीनं आयएसपीच्या खोलीत आणून ठेवतात, गाजलेली सिरीज एकदा मागच्या रात्री भरून ठेवली की हजार घरांना तिथूनच जाते. मुंबईत इंटरनेट एक्सचेंज आहेत, तिथे कंपन्या एकमेकांना थेट जोडलेल्या असतात. महाग पडतो तो यात न बसणारा डेटा, जो विकतच्या बँडविड्थवरून यावा लागतो. म्हणून पन्नास लोकांनी बघितलेली एकच वेबसिरीज ही एकाने कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवरून ओढलेल्या फाइलींपेक्षा स्वस्त पडू शकते, जीबी कितीही जास्त असले तरी.

१०. आमच्याकडे फायबर नाही, सिमचा राउटर आहे. तेच लागू होतं का?

नाही, आणि इथे मात्र कंपन्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. टॉवरचा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, मर्यादित, तो लिलावात प्रचंड पैसे देऊन घेतलेला, आणि टॉवरच्या त्या बाजूच्या सगळ्यांना तेवढ्यातच भागवायचं. एका घरात सिमच्या राउटरवर तीन टीव्ही चालले तर खाली रस्त्यावर रिक्षावाल्याचं यूपीआय अडकू शकतं, हे खरंच होतं. घर टॉवरपासून लांब किंवा भिंतीआड असेल तर आणखी वाईट, कारण कमकुवत सिग्नलवर तेवढाच डेटा पाठवायला टॉवरचा जास्त वेळ जातो.

फाइव्हजीवरचं एअरफायबर याच जातीचं आहे, जिओचं २०२३ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं, एअरटेलचं त्याच्या थोडं आधी. त्याच्यावर साधारण १००० जीबीचं लिमिट असतं आणि फायबरवर ३३०० जीबीचं, हा फरक उगाच नाही. शहरात जिथे फायबर मिळते तिथे घरचं नेट फायबरवरच घ्या, टॉवर बाहेर फिरणाऱ्यांसाठी राहू दे.

११. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी होते तेव्हा नेटवर्क बसायला आलं होतं ना?

ताण आला, पण बसलं नाही. मार्च २०२० मध्ये व्हिडिओ कंपन्यांनी आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर एचडी बंद करून ४८० पी पर्यंतच ठेवायचं ठरवलं होतं, १४ एप्रिलपर्यंत. बघा, मोबाइल नेटवर्कवर (प्रश्न १० बघा). फायबरवर दिवसाचा ग्राफ भरून निघाला, म्हणजे सकाळी शाळा, दुपारी मीटिंग, रात्री पिक्चर, पण एकूण जीबी जितके वाढले त्या मानाने रात्रीचं टोक वाढलं नाही.

खरी परीक्षा मॅचची असते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. अशा दिवशी सगळा देश तोच व्हिडिओ त्याच सेकंदाला मागतो. मॅचच्या रात्री ग्राफ बघणं हाच एक खेळ असतो, इनिंग ब्रेकला खाली, चेस सुरू झाला की वर, आणि मॅच हातातून गेली की दोन मिनिटांत कड्यावरून पडल्यासारखा खाली. यात "जास्त वापरणारा" कोण? महिन्याला ३० जीबी वापरणारे काका पण त्या क्षणी तेवढेच ओढत असतात.

१२. टोरेंट आणि सीसीटीव्हीचं काय?

टोरेंट म्हणजे लोकांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली घेणं-देणं, त्यामुळे दोन्हीत अपलोड आहे आणि अपलोडची बाजू बहुतेक ठिकाणी अरुंद असते, जीपॉनवर खालच्या निम्मीच, टॉवरवर त्याहून बरीच कमी. अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट ही केबल कंपनी टोरेंटची कनेक्शनं गुपचूप तोडताना पकडली गेली, २००८ मध्ये एफसीसीने तिला झापलं, आणि मग त्यांनी पद्धत बदलली, कोणतं अॅप आहे ते न बघता जिथे खरंच गर्दी आहे तिथे तेवढ्यापुरता जास्त ओढणाऱ्याला हळू करायचं. मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक पद्धत हीच.

क्लाउडवर चालणारे चार कॅमेरे, प्रत्येकी १ एमबीपीएस, चोवीस तास, म्हणजे महिन्याला जवळपास १३०० जीबी. घरात कोणी काही बघत नसताना! आकडा बघून कंपनी दचकते पण ग्राफवर ती ४ एमबीपीएसची सरळ रेघ आहे. तरी मोशन रेकॉर्डिंग लावा, तुमचंच लिमिट वाचेल.

१३. घरच्या कनेक्शनवर क्लास, पीजी, छोटं ऑफिस चालवलं तर?

वर्क फ्रॉम होम चालतं, त्यावर कोणी काही बोलत नाही. पण पीजीतल्या पंधरा पोरांना एका घरगुती प्लॅनवर बसवणं म्हणजे पंधरा गर्दीची घरं एका घराच्या पैशात, आणि घरगुती प्लॅनची किंमत एका घराच्या सरासरीवर काढलेली असते. इथे मी कंपनीच्या बाजूने. शेजाऱ्याला वायफाय पैसे घेऊन देणं तर करारातच मना असतं आणि पोलीस केस झाली तर कनेक्शन तुमच्या नावावर आहे हे विसरू नका. पाहुण्याला पासवर्ड दिला तर तो काही गुन्हा नाही.

१४. सगळे व्हॉट्सअॅपवरून फुकट कॉल करतात, मग टेलिफोन कंपनीचं नुकसान होतं ते?

त्यांचं कॉलचं उत्पन्न गेलं हे खरं, पण नेटवर्कवर भार पडला म्हणून नाही, कॉलला डेटा किती कमी लागतो ते प्रश्न ५ मध्ये आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरच्या कॉलना वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं, लोक एवढे भडकले की काही दिवसांत मागे घेतलं, मग ट्रायला लाखो ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला की कुठल्या वेबसाइटचा किंवा अॅपचा डेटा आहे हे बघून वेगळा दर लावायचा नाही. २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे सगळ्या डेटाला सारखंच वागवायचं याची, बाकीची तत्त्वं पण सरकारने मान्य केली. एक धंदा जाऊन दुसरा आला, डेटा विकत घ्यायला लोक आले तेच मुळात अशा अॅपमुळे.

१५. कंपन्या म्हणतात यूट्यूब-नेटफ्लिक्सने आम्हाला हिस्सा द्यावा. बरोबर आहे का?

याला ते "फेअर शेअर" म्हणतात. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय २०२२-२३ पासून हे जोरात मागतेय. त्यांचं म्हणणं, ट्रॅफिक मोजक्या मोठ्या कंपन्यांचा, फायदा त्यांचा, टॉवर आम्ही उभारायचे.

मला यात मूळ चूक दिसते ती ही की यूट्यूब स्वतःहून तुमच्या घरी डेटा ढकलत नाही, तुम्ही बटण दाबता, आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात. १९९६ च्या बेल कंपन्यांची मागणी जरा हिच्या शेजारी ठेवून बघा, शब्द सोडले तर तीच आहे (प्रश्न ४). दक्षिण कोरियाने हे करून बघितलंय, तिथे २०१६ पासून नेटवर्कवाल्यांनी एकमेकांना ट्रॅफिकप्रमाणे पैसे द्यायचा नियम आहे. एसके ब्रॉडबँड ही तिथली नेट कंपनी आणि नेटफ्लिक्स तीन वर्षं कोर्टात भांडले, सप्टेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. ट्विच या लाइव्ह गेमिंग व्हिडिओच्या साइटने तर नेटवर्कचा खर्च परवडत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियातला धंदाच बंद केला.

टॉवरपुरतं त्यांचं दुखणं खरं आहे हे मी वर मान्य केलंय. पण त्याचं औषध प्लॅनच्या किमतीत आहे, तिथे स्वस्ताईची स्पर्धा त्यांनी आपापसातच केली.

१६. भाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिथे १.२ टीबीनंतर जादा पैसे लागायचे. तिकडे जास्त भार पडतो का?

नाही हो. तिथे एकाच कंपनीच्या काही भागात कॅप होती आणि जिथे स्पर्धा होती अशा बऱ्याच भागात नव्हती, नेटवर्क तेच. यावरून काय ते समजा. जर्मनीत डॉइच टेलिकॉमने २०१३ मध्ये फ्लॅट प्लॅनवर ७५ जीबीनंतर स्पीड ३८४ केबीपीएस करायचं ठरवलं होतं, लोकांनी कंपनीचं नावच "गळा आवळणारी" अशा अर्थाचं करून टाकलं आणि त्याच वर्षी कोलोनच्या कोर्टाने सांगितलं की फ्लॅट म्हणून विकायचं आणि गळा आवळायचा हे चालणार नाही.

१७. व्हीपीएन लावला तर भार वाढतो का?

जीबी साधारण तेवढेच, पण डेटा जवळच्या मशीनमधून न येता सिंगापूर नाहीतर अॅमस्टरडॅमला फिरून येतो, म्हणजे प्रश्न ९ मधला महाग डेटा. ऑफिसच्या कामाला लावा, पिक्चर बघताना बंद करा, तुमचाच बफरिंगचा त्रास कमी होईल.

१८. कंपनीकडून "अतिवापर" म्हणून मेसेज आलाय. काय करू?

आधी अॅपमध्ये रोजचा वापर बघा. एकाच दिवशी उडी असेल तर कुठलातरी बॅकअप किंवा अपडेट, रोज सारखा असेल तर कॅमेरा नाहीतर पासवर्ड बाहेर फुटलाय. मग कंपनीला लेखी विचारा की कुठल्या अटीप्रमाणे आणि लिमिटनंतर स्पीड किती राहील. फोनवरच्या माणसाशी भांडू नका, तक्रार नंबर घ्या, उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा, प्रत्येक कंपनीला तो ठेवावा लागतो. घरगुती वापर असेल तर माफी मागायची गरज नाही.

१९. गावाला एकच टॉवर आहे आणि आम्ही मे महिन्यात सगळे तिथे जातो. तिथे पण खुशाल वापरायचं का?

तिथे नको. छोट्या गावातल्या टॉवरला मागे फायबर असेलच असं नाही, कधी डोंगरावरून डोंगरावर मायक्रोवेव्हने आलेलं असतं, त्यात वीज गेली की बॅटरी. मुंबई-पुण्याहून बारा-पंधरा जण आले आणि संध्याकाळी सगळ्यांनी आयपीएल लावलं तर वर्षभर तिथे राहणाऱ्यांचं नेट खरोखर जातं. मॅच एकाच टीव्हीवर बघा, मोबाइलवर व्हिडिओ ४८० पी ला ठेवा, फोटोंचा बॅकअप आणि अॅपचे अपडेट रात्री झोपल्यावर लावा. आणि ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आलीय का ते विचारून या, बऱ्याच ठिकाणी पेटी भिंतीवर लागलेली असते आणि पुढे कनेक्शन कोणी मागितलेलंच नसतं.